किसनभाऊंची बत्ती

मंगरूळपीरच्या भर रस्त्यात मोटारीपुढे हातापायांवर ओणवा झालेला भला माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहायचो. माझं मोटारीच्या सामानाचं दुकान होतं आणि किसनभाऊ उतारूंची ने-आण करणाऱ्या सर्व्हिस मोटारीचे ड्रायव्हर. समोरच्या बत्तीचा बल्ब गेला की ते दिवेलागणीला गाडी दुकानापुढे आणत, मला गाडीत बसवून बटण दाबायला लावत आणि स्वतः रस्त्यात ओणवे होत.

"भाऊ, उभ्यानं दिसत नाही का?"

"मले दिसते. बैलाले काय दिसते थे पाहून राह्यलो."

एक बल्ब लावला की म्हणत, "हा लय माजला." दुसरा लावला की, "याले मोतीबिंदू झाला." समोरच्याचे डोळे दिपले तर पोलीस खटला भरत, रस्ता दिसेल इतका उजेड नसला तरी भरत. भाऊंना या दोहोंच्या मधला बल्ब हवा असे. तो सापडेतो माझी पेटी रिकामी होई. लोक विचारत, "बैल काय म्हनते भाऊ?" ते गुडघे झटकत, न हसता सांगत, "चालते म्हनते."

हसणारे नवे असत. जुने हसत नसत.

कारण पूर्वी एकदा पोहरादेवीच्या यात्रेहून परतताना भाऊंच्या गाडीला मालकानं झगझगीत बल्ब घातले होते. समोरून इंझोरी गावची बैलगाडी आली. बैलांचे डोळे दिपले, ते बुजले आणि गाडी नाल्यात उलटली. गाडीवान वाचला, त्याची बायको खाली सापडली. भाऊंनीच तिला उचलून वर आणलं, पण तोवर ती गेली होती. कोर्टात बल्ब नियमाप्रमाणे ठरला आणि भाऊ सुटले. सुटल्याचं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी यात्रेसाठी मालकानं पुन्हा तसलेच बल्ब आणले. रात्रीच्या जास्त फेऱ्या हव्या होत्या. भाऊंनी गाडी न्यायला नकार दिला.

"कायद्यात बसते ना बल्ब? मंग तुले काय तरास हाये?"

"मांगंबी कायद्यातच बसला होता, शेठ."

त्याच दिवशी त्यांची नोकरी गेली. एकटा जीव, घरातून बाहेर पडेना. मी हाक मारली तर आतून नुसतं खोकत.

यात्रा सरल्यावर एक म्हातारा दुकानात आला. "किसन ड्रायव्हर कुठी राह्यते?"

"तुमी कोण?"

"इंझोरीचा. माही बायको त्याच्याच मोटारीपुढं मेली."

माझा चेहरा पाहून तोच म्हणाला, "भांडाले नाही आलो. दर यात्रेनंतर तो माह्या घरी येते. बोलत नाही. बैलाईले वैरन टाकते, आंगनात बसते, जाते. औंदा आला नाही. म्हनलं, बिमार हाये का काय."

मी त्याला घेऊन गेलो. दार उघडून भाऊंनी त्याला पाहिलं आणि उंबऱ्यावरच बसले. दाढी वाढली होती. म्हातारा शेजारी टेकला.

"काहून आला नाही?"

"आता मोटार राह्यली नाही माह्यापाशी."

"मी काय मोटारीची वाट पाहत होतो?"

भाऊंनी उठून पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढं ठेवला.

"माह्यानं आता गाडी हाकनं होत नाही," म्हातारा म्हणाला. "हात कापते. तू चाल."

"मले बैल हाकता येत नाही, बाबा."

"शिकवतो."

मग भाऊंनी खुंटीवरचं दुसरं धोतर घेतलं आणि म्हाताऱ्याच्या मागोमाग निघाले. दार उघडंच राहिलं होतं, ते मी ओढून घेतलं.