एका महिन्यात दोन पगार

 स्वयंपाकघराच्या टेबलावर चहाचे दोन कप निवत होते आणि त्यांच्या मधोमध, खटल्यातला पुरावा मांडून ठेवावा तसा, क्लिफर्डचा मोबाइल पडला होता. पडद्यावर भत्त्याच्या रकमेपुढे एकच आकडा होता: शून्य. खिडकीबाहेर इंग्लंडमधल्या मोरकॅम गावचा समुद्र ओहोटीने इतका मागे सरला होता की तो परत येईल याची खात्री देणे कठीण वाटावे. उरली होती ती करडी वाळू, आणि तिच्यावर नवीन वर्षाचा तिसरा दिवस कसलाही उत्साह न दाखवता उजाडत होता.

क्लिफर्ड ऑर्मरोडने सव्वीस वर्षे बस चालवली होती. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो घरी बसला. ग्लेनिस हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत कामाला जात असे. तिचा पगार तुटपुंजा, म्हणून दरमहा तीन तारखेला सरकारी भत्ता येई; पगार जास्त तर भत्ता कमी, असा त्याचा साधा हिशेब होता. त्या भत्त्यातून पंधरा तारखेला घरभाडे जाई. या महिन्यात भत्त्याऐवजी नुसताच संदेश आला होता.

"पुन्हा वाच," ग्लेनिस म्हणाली.

"तीनदा वाचलंय."

"चौथ्यांदा वाच. हा तुझा टीव्ही बघायचा चष्मा आहे."

क्लिफर्डने मोबाइल हातभर लांब धरला. "‘या कालावधीत ग्लेनिस ऑर्मरोड यांना दोन पगार मिळाले. त्यामुळे तुम्हा दोघांचा भत्ता शून्य.’ दोन, ग्लेनिस."

"दोन म्हणजे किती ते कळतं मला."

"मग दुसरा कुठला?"

"दुसरा नाहीच आहे. नोव्हेंबरचा नोव्हेंबरात मिळाला, डिसेंबरचा डिसेंबरात. त्यातनंच टर्की आणली, आणि तिचे दोन्ही पाय तूच खाल्लेस."

"ते लाँड्रीचं झालं. मी दुसऱ्या नोकरीबद्दल विचारतोय."

ग्लेनिसने त्याच्याकडे पाहिले. एकतीस वर्षांच्या संसारात तिने त्याचे घोरणे सोसले होते, त्याच्या बहिणीला सोसले होते. परंतु आपला शब्द कुणीतरी तपासून घेतो आहे, ही जाणीव तिला नवी होती. तिने स्वतःचा कप धुतला, पालथा घातला आणि त्याचा तसाच राहू दिला.

संशय दाराने येत नाही. तो बंद खिडकीच्या फटीतून येणाऱ्या गारठ्यासारखा असतो. कुठून येतो ते दिसत नाही, फक्त पाय गार पडतात. पुढल्या चार-पाच दिवसांत क्लिफर्डचे पाय चांगलेच गार पडले. तिचे बूट कधी ओले असतात, तिच्या पिशवीचे वजन किती, फोन वाजला की ती जिन्यात का जाते, या गोष्टी त्याला दिसू लागल्या. आणि मग त्याला गुरुवार दिसला. दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता ती चर्चच्या गायकवृंदाच्या सरावाला जात असे. दोन वर्षे जात होती. या दोन वर्षांत तिने घरात एक ओळदेखील गुणगुणली नव्हती.

त्या गुरुवारी तो तिच्या मागून निघाला. दोन दिव्यांच्या खांबांइतके अंतर राखायचे, असे त्याने ठरवले होते. त्याच्या खुब्यामुळे ते चार खांबांचे झाले. ग्लेनिस चर्चपर्यंत गेली, चर्चच्या दाराशी किंचितही न रेंगाळता पुढे गेली, कोपऱ्यावरच्या दुकानातून तळलेल्या बटाट्याच्या गरम चिप्स पुडक्यात बांधून घेतल्या आणि समुद्रासमोरच्या काचेच्या निवाऱ्यात जाऊन एकटीच बसली. क्लिफर्ड एका बंद आइस्क्रीमच्या टपरीआड उभा राहिला. दुसऱ्या नोकरीचा मालक आता येईल, अशी त्याची अटकळ होती. दहा मिनिटे गेली, पंचवीस गेली. कुणी आले नाही. वारा मात्र आयर्लंडकडून थेट त्याच्या कॉलरमध्ये येत होता. अखेर तो शिंकला.

"किती वेळ उभा आहेस?" ग्लेनिसने मान न वळवता विचारले.

"पहिल्या चिपपासून."

"मग बस आता. गार झाल्यात, पण व्हिनेगर बरं पडलंय."

तो बसला. त्याने निवाऱ्याचे कोपरे पाहून घेतले. "इथं काय काम करतेस तू?"

"काहीच नाही. गुरुवारचा एक तास मी काहीच करत नाही."

"ते घरी करता येत नाही?"

"घरी तू असतोस."

क्लिफर्डने एक चिप उचलली. दुसऱ्या नोकरीपेक्षा हे बरे की वाईट, याचा निर्णय त्याला रात्रीच्या जेवणापर्यंत करता आला नाही.

दुसऱ्या दिवशी ग्लेनिसने लाँड्रीतून अर्धी रजा घेतली आणि ती त्याला घेऊन भत्त्याच्या कार्यालयात गेली. "मी सांगून तुझा विश्वास बसत नाही ना? मग त्यांच्या तोंडून ऐक." टेबलापलीकडे रोवेना क्लेग नावाच्या बाई होत्या. रोज अनेकांचे खुलासे ऐकून त्यांचा चेहरा सतत वापरलेल्या पायरीसारखा झिजला होता.

"दोन्ही पगार एकाच लाँड्रीचे आहेत," रोवेनाबाई पडद्याकडे पाहून म्हणाल्या. "एक अठ्ठावीस नोव्हेंबरचा, एक वीस डिसेंबरचा."

"मग? महिने दोन, पगार दोन," ग्लेनिस म्हणाली.

"तुमचे महिने दोन. आमचा महिना एकच. तुमच्या खात्याचा महिना अठ्ठावीसला सुरू होतो आणि पुढच्या सत्तावीसला संपतो. नेहमी पगार अठ्ठावीसला होतो, म्हणजे महिन्याच्या पहिल्याच दिवशी. या खेपेला तो आठ दिवस आधी झाला आणि आमच्या त्याच महिन्यात येऊन पडला."

"नाताळ होता. मालक दरवर्षी डिसेंबरात लवकर देतात. आणि सोबत मांस भरून भाजलेला पोर्क-पायसुद्धा देतात."

"पोर्क-पायचं आम्ही काही कापत नाही," रोवेनाबाई म्हणाल्या. "पण मग भत्ता दरवर्षी शून्य झाला असता."

"भत्ता तर गेल्या मार्चपासून सुरू झाला," क्लिफर्ड हळूच म्हणाला. ग्लेनिसकडे पाहण्याचे त्याने टाळले.

उपाय सोपा होता. पगार आधी दिला तरी मालकाने सरकारला कळवताना नेहमीची ठरलेली तारीखच लिहायची, असा नियम होता. रोवेनाबाईंनी नियमाचा कागद छापून दिला. मालकाने तारीख दुरुस्त केली की भत्ता आपोआप येणार होता. पंधरा तारखेला पाच दिवस उरले होते.

लाँड्रीचे मालक एन्टविसल सत्तरीचे होते. बायबल आणि हिशेबाची वही यांत खाडाखोड नसावी, या एका तत्त्वावर त्यांनी आयुष्य काढले होते. त्यांनी तो कागद आधी उजेडापुढे धरला, मग उलटून पाहिला.

"पैसे मी वीस तारखेला दिले, ग्लेनिस."

"हो, मिस्टर एन्टविसल. फार उपयोगी पडले."

"अठ्ठावीसला शनिवार होता. लाँड्री बंद होती. मी बहिणीकडे प्रेस्टनला होतो. आणि मी लिहायचं की त्या दिवशी पगार वाटला?"

"ठरलेली तारीख लिहायची, एवढंच म्हणतात ते."

"न दिलेल्या दिवशी दिले म्हणून लिहायचं, याला आमच्या चर्चमध्ये वेगळा शब्द आहे." त्यांनी चष्म्यावरून क्लिफर्डकडे पाहिले. "ही कल्पना तुझी?"

"माझी कशाला? कागदावर सरकारचा शिक्का आहे."

"शिक्के काय, बाजारात मिळतात."

त्यांनी करखात्याला फोन लावला. पन्नास मिनिटे रिसीव्हरमधून एकच धून वाजत राहिली. एन्टविसल ती ताठ बसून, राष्ट्रगीत ऐकावे तशी ऐकत होते. अखेर पलीकडे माणूस आला. त्यांनी त्याचे नाव विचारले, एकेक अक्षर लिहून घेतले आणि मग विचारले, "मी खरी तारीख लिहिली, हे माझं चुकलं का?" पलीकडून उत्तर आले. त्यांनी तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला. उत्तर तेच आले.

त्यांनी हलक्या हाताने संगणकावर वीस खोडून अठ्ठावीस लिहिले. मग उठून कोपऱ्यातल्या नळावर साबणाने हात धुतले.

"पुढच्या नाताळापासून पगार अठ्ठावीसलाच," हात पुसत ते म्हणाले. "चांगुलपणा करायचा आणि वर खोटारडं व्हायचं, एवढी माझी ऐपत नाही."

"पोर्क-पाय तरी आधी द्या," ग्लेनिस म्हणाली. "तो कुणाला कळवावा लागत नाही."

मंगळवारी, चौदा तारखेला, संदेश आला. या खेपेला मोबाइल ग्लेनिसच्या हातात होता; तो न वाचता तसाच द्यायचा असे क्लिफर्डने स्वतःहून ठरवले होते. त्याने चहा केला होता, टोस्टला लोणी कडेपर्यंत लावले होते.

"वाच ना," तो म्हणाला. "आणि वाचायच्या आधी ऐक. मी चुकलो. घरातल्या माणसावर असा वहीम घेणं शोभलं नाही मला. माणसानं विचारावं आणि समोरच्यानं सांगावं, संसारात एवढं पुरतं."

"ग्लेनिस ऑर्मरोड, पगार एक," तिने वाचले.

क्लिफर्डने डोळे मिटून श्वास सोडला. "भाड्याचं भागलं म्हणायचं."

"भागलं. कसंबसं. एकशे पंधरा पौंड कमी आलेत."

"कमी का म्हणून?"

"खाली रोवेनाबाईंची टीप आहे." तिने पडदा बोटाने वर सरकवला आणि ज्या संथपणे ती चादरीची घडी जुळवत असे, त्याच संथपणे वाचू लागली. "‘फेरहिशेब करताना उशिरा आलेली आणखी एक नोंद आढळली. क्लिफर्ड ऑर्मरोड. नाताळापूर्वीचे तीन शनिवार, हेशम रस्त्यावरची रोपवाटिका. काम: सांताक्लॉज. मिळकत दोनशे दहा पौंड. कृपया खुलासा करावा.’"

 बाहेर भरती सुरू झाली होती; पाणी वाळूच्या चरांतून, पाळत ठेवल्यासारखे, आवाज न करता पुढे येत होते.

"तीन शनिवार तू दवाखान्यात व्यायामाला गेला होतास," ग्लेनिस म्हणाली. "मला कोळशाची बादली वर आणायला लावून."

क्लिफर्ड टोस्टकडे पाहत राहिला.

"त्यांनी तुला रोख देतो म्हणून सांगितलं असणार. वहीत येणार नाही म्हणून."

त्याने लोण्याचे झाकण लावले.

"किती पोरं बसवलीस रे मांडीवर, त्या खुब्यानं?"

त्याने उठून खुर्ची टेबलाखाली सरकवली, खुंटीवरची टोपी घेतली आणि मागचे दार उघडले.

"क्लिफर्ड, दोनशे दहा पौंडांचं काय केलंस?"

गल्लीतून जाताना त्याची पाठ ताठ होती, आणि खुब्याला मुळीच शोभणार नाही इतक्या भरभर तो समुद्राकडे निघाला होता.