सासऱ्यांच्या दोन कोऱ्या चड्ड्या

"या जमिनीला नांगर लावायचा असेल, तर आधी मला आडवं करावं लागेल!" सूनबाईंनी भर गोठ्यात असं जाहीर केलं, तेव्हा अठराच्या अठरा गाईंनी रवंथ थांबवला. सासरे मात्र थांबणाऱ्यांतले नव्हते.

भांडण होतं चाऱ्याच्या शेताचं. खालचा तुकडा सूनबाईंनी दोन वर्षं नांगराविना राखला होता. गाई रोज एकेका पट्ट्यात चरायच्या, शेण तिथेच पडायचं आणि मागून गवत तरारून यायचं. वरचा तुकडा सासरे दरवर्षी नांगरायचे. यंदा त्यांना खालचाही हवा होता!

"न नांगरलेली जमीन माजते, सूनबाई!"

"माजली नाहीये, बाबा, जिवंत आहे! तुमची मेलीय. सिद्ध करून दाखवते!"

आणि बाईने केलं काय? सासऱ्यांच्या सुती चड्ड्यांचं कोरं पाकीटच फोडलं! एक चड्डी खाली पुरली, एक वर, आणि दोन्हीकडे खुणेची काठी रोवली. जिवंत माती सूत खाते, मेलेली नुसती बघत बसते. दोन महिन्यांनी उकरायचं. खालच्या मातीने जास्त खाल्ली, तर नांगर आल्या पावली परत. नाहीतर खालचा तुकडा नांगराखाली!

ठरल्या दिवशी ट्रॅक्टरवाला आला. त्यालाच पंच केलं. खालचा खड्डा उकरला. कापड गायब! हाती आली नुसती इलॅस्टिकची पट्टी आणि तिला लोंबकळणारी दोन गांडुळं. सूनबाईंनी ती झेंड्यासारखी फडकावली.

मग वरचा. खणलं. आणखी खणलं. विहीर व्हायची वेळ आली, पण हाती काही लागेना. पट्टीसुद्धा नाही!

"बघितलंस?" सासरे नाचायचेच बाकी राहिले. "माझ्या मातीने इलॅस्टिकसकट फस्त केली! लाव रे नांगर!"

सूनबाईंचा झेंडा खाली आला. दोन वर्षांची मेहनत! पण रडतील त्या सूनबाई कसल्या! ट्रॅक्टरसमोर फतकल मारून बसल्या. "चालव अंगावरून!"

एवढ्यात सासूबाई दुधाच्या बादल्या घेऊन आल्या. "अगंबाई, ती चड्डी शोधताय होय? ती मी परवाच काढली! काठीवर 'उकरू नये' लिहिलेलं, मला मेलीला राहवेना. खालची उकरली तर नुसती पट्टी. ती दिली परत पुरून. वरची मात्र धडधाकट, एक धागा ढिला नाही! धुतली आणि ठेवली कपाटात."

सूनबाई टुणकन उठल्या. "ऐकलंत, बाबा? दोन महिन्यांत एक धागा नाही खाल्ला तुमच्या मातीने!"

"बोलाचीच कढी!" सासरे कडाडले. "पुरावा कुठाय? दाखवा ती चड्डी!"

"दाखवा काय?" सासूबाई म्हणाल्या. "सकाळी तुम्हीच घातलीत की!"

ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. "काका, पंच म्हटल्यावर मला बघावं तर लागणारच."

सासऱ्यांनी दोन्ही हातांनी पँट घट्ट धरली.

"मी हार मानलेली नाही!" ते गरजले. "पण तू आधी नांगर घेऊन चालता हो!"