दुखण्याला दहापैकी चार

आमच्या पोलादपुरात दुखणी सगळ्यांनाच आहेत, पण दुखण्याला मार्क देणाऱ्या एकट्या जाधवबाई. तेही हात आखडून.

रोज सकाळी मी त्यांच्याकडे जाते तेव्हा बाई खिडकीशी फोन घेऊन बसलेल्या असतात. फोनमध्ये एक ॲप आहे. ते दिवसातून तीनदा विचारतं, आता किती दुखतंय, शून्य ते दहामध्ये सांगा. तुम्ही-आम्ही काय करू? दुखतंय तेवढा आकडा दाबू आणि चहाला लागू. बाई आधी चष्मा पुसतात, मग डोळे मिटून एकेक सांधा तपासतात आणि निकाल जाहीर करतात. "उजवा खांदा रात्रभर दुखला, पण पहाटे ढेपाळला. सातत्य नाही. मानेचं ठीक आहे. गुडघ्यांनी नुसती सुरुवात केली आणि सोडून दिलं. चार." की दाबला चार. अर्धा मार्क देता येत नाही ही त्यांची ॲपबद्दलची जुनी तक्रार. लाल शाई नाही ही दुसरी.

बाईंना फायब्रोमायल्जिया आहे. हा शब्द मी बिनचूक म्हणते, कारण बाईंनी तो माझ्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलाय. सगळं अंग दुखतं, झोप लागते पण पुरत नाही, सकाळी उठावं तर दिवसभर भात झोडल्यासारखं वाटतं, आणि रिपोर्ट मात्र सगळे स्वच्छ. चार वर्षं कुणाला काही कळलं नाही. कुणी म्हणालं बिब्बा घाला, कुणी म्हणालं उन्हात बसा, कुडपणचे एक आजोबा तर कसलासा पाला घेऊन डोंगर उतरून आले. आणि पाठ वळली की हीच माणसं म्हणायची, पेन्शन हाय, काम नाय, मग अंग दुखणारच. शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. रात्रीची एक गोळी दिली, फोनमध्ये ॲप घालून दिलं आणि पुढची तपासणी महाडला करा म्हणून चिठ्ठी दिली. त्या गोळीने बाईंना चार तास तरी सलग झोप मिळायला लागली.

मार्कांचं प्रकरण मात्र या आजारापेक्षा फार जुनं आहे. मी चौथीत बाईंच्या वर्गात होते. दोन खोल्यांची शाळा, शनिवारी आम्ही मुलींनी शेणाने सारवायची, आणि आंब्याच्या फांदीला टांगलेला लोखंडाचा तुकडा ही आमची घंटा. वरच्या वाड्यांमधली पोरं फडक्यात भाकरी बांधून तासभर चालत यायची. एखादं पोर तीन दिवस दिसलं नाही की शाळा सुटल्यावर बाई छत्री घेऊन डोंगर चढायच्या आणि त्याला घेऊनच उतरायच्या. त्याच बाई दुसऱ्या दिवशी त्याला दहापैकी दोन द्यायच्या. दयामाया घरी, मार्क शाळेत.

मी एकदा 'आमची शेळी' या विषयावर दोन पानं निबंध लिहिला. इतकं चांगलं मी पुढे आयुष्यात काही लिहिलं नाही. बाईंनी सहा दिले. माझे वडील शिवणकाम करायचे, ते कात्री ठेवून तडक शाळेत गेले. बाईंनी त्यांना बसायला दिलं आणि शांतपणे समजावलं की सात म्हणजे गावात हुशार, आठ म्हणजे तालुक्यात, नऊ आणि दहा मी अजून पाहिलेले नाहीत. वडील घरी येऊन म्हणाले, बाईंचं बरोबर आहे. झालं, संपलं. आज माझं वह्या-पेनांचं दुकान आहे. नव्याण्णव टक्केवाल्या पोरांच्या आया तिथे उभ्या राहून एक टक्का कुठे गेला म्हणून हळहळतात, आणि मला ते सहा मार्क आठवतात. काय तोलामोलाचे सहा होते ते! ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

तर अशा बाईंच्या हातात ते ॲप पडलं. ते ॲप सांगतं, सगळं काम एकदम करू नका, तुकडे पाडा, मध्ये विश्रांती घ्या. बाईंनी लगेच दिवसाचं वेळापत्रक करून भिंतीला लावलं. पहिला तास झाडण्याचा, दुसरा भाजी निवडण्याचा, मग मधली सुट्टी. विश्रांतीची वेळ झाली की फोनमध्ये घंटा वाजते, आणि घंटा झाली की बाई हातातलं काम तिथल्या तिथे सोडतात. एकदा तव्यावर माझ्यासाठी टाकलेली भाकरी होती. घंटा झाली, बाई उठून खाटेवर आडव्या झाल्या, आणि भाकरीचा कोळसा झाला. मी कुरकुरले तर म्हणाल्या, "शिस्त म्हणजे शिस्त." माजघर तर नेहमी निम्मंच झाडलेलं असतं, उरलेलं निम्मं उद्याच्या तासाला. आल्यागेल्याने मधली रेघ बघून घ्यावी.

श्वासाच्या व्यायामाला ॲपमध्ये एका माणसाचा आवाज आहे. श्वास आत घ्या, सोडा, असं तो फार हळुवारपणे सांगतो. बाईंचं म्हणणं, आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. तरी दोन्ही वेळा त्याचं ऐकून श्वास घेतात. बाईंनी लग्न केलं नाही. घरात त्या आणि कोनाड्यातली बुद्धाची मूर्ती. मला कधीकधी वाटतं, घरात तेवढाच एक माणसाचा आवाज होतो म्हणूनही त्या तो लावत असतील.

हसण्यावारी नेण्याच्या या गोष्टी. पण दिवाळीपासून बाईंचा हात डोक्यापर्यंत जाईना. मी रोज सकाळी जाते ती त्यांचे केस विंचरायला. कंगवा नुसता मानेला लागला तरी त्यांचे ओठ पांढरे पडतात. आणि केस बांधून झाले की बाई फोन उघडून दाबतात काय, तर तीन. मी एकदा म्हटलं, बाई, हे तीन? तर म्हणाल्या, तपासणाऱ्याच्या कामात लुडबूड करू नये.

गेल्या महिन्यात मी त्यांना महाडला डॉक्टरांकडे घेऊन गेले. हे डॉक्टर नवीन होते, वयाने लहान, बोलायला गोड. त्यांनी फोन घेतला आणि सहा महिन्यांचा आलेख बघितला. तीन, चार, तीन, दोन. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, फारच छान, ॲपचा उत्तम उपयोग झालाय, आता गोळी बंद करू आणि वर्षाने भेटू. मी बाईंकडे बघितलं. ती गोळी गेली की झोप गेली, आणि झोप गेली की बाई पुन्हा अंथरुणाला खिळणार, हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं. तरी त्या मान हलवून उठायला लागल्या. निकाल लागला, विषय संपला!

माझं टाळकंच सरकलं. मी म्हटलं, "डॉक्टर, हे मार्क बाईंनी दिलेत. सगळ्या नोकरीत त्यांनी कुणाला आठच्या वर दिलेले नाहीत. यांना स्वतःचे केस विंचरता येत नाहीत." डॉक्टर आधी हसले. मग त्यांनी बाईंकडे नीट पाहिलं, फोन बाजूला ठेवला आणि विचारलं, "बाई, मग दहा कुणाला द्याल?"

मला वाटलं, अजून पाहिलेले नाहीत, असंच उत्तर येणार. पण बाई परत खुर्चीवर बसल्या आणि आईबद्दल सांगायला लागल्या. आई वरच्या वाडीतून रोज खाली यायची. दिवसभर वाकून लोकांच्या शेतात लावणी, लावणी नसेल तेव्हा लाकडाची मोळी घेऊन बाजार. संध्याकाळी तिची बोटं मिटायची नाहीत, मनगटाने दाबून भाकरी मोडायची. बाई तिच्यासमोर पुस्तक घेऊन बसलेल्या असायच्या.

"मी पाण्याला उठले की म्हणायची, तू वाच गो, माझं काय दुखत नाय," बाई म्हणाल्या. "मला ते खरं वाटायचं. शाळेत पहिली येणारी मुलगी मी, आणि मला ते खरं वाटायचं. हा फोन मला दिवसातून तीनदा विचारतो. तिला मी एकदासुद्धा विचारलं नाही. आता स्वतःला कुठल्या तोंडाने जास्त देऊ?"

डॉक्टरांनी उठून बाईंची मान, खांदे, पाठ अंगठ्याने हलकेच दाबून बघितली. प्रत्येक ठिकाणी बाई दचकल्या. गोळी चालू राहिली आणि पुढच्याच महिन्यात यायला सांगितलं.

परतीला आम्ही सहा सीटची मिनिडोर रिक्षा धरली. चार माणसं आधीच बसलेली होती, त्यांच्यात अंग चोरून आम्ही दोघी. ड्रायव्हर भरधाव वळणं घेत होता आणि प्रत्येक वळणाला बाई डोळे मिटत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. दुपारचा आकडा मागत होता. बाईंनी पिशवीतून फोन काढला, बोट वर धरलं आणि तसंच ठेवलं. मग फोन माझ्या हातात दिला.

"तू घाल," त्या म्हणाल्या. "तुला दिसतं तेवढं घाल."

मी आठ घातले. बाईंनी चष्मा सारखा करून बराच वेळ तो आकडा बघितला. आता कमी करायला लावणार म्हणून मी बोट तयारच ठेवलं होतं.

"दुखतं गो सुनंदा," त्या म्हणाल्या. "खूप दुखतं."

एवढ्या वर्षांत हे मी बाईंच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी आपलं म्हटलं, दुखतंय ना बाई, मग रडा की. आणि जाधवबाई, सगळा गाव ज्यांना अजून वचकून असतो त्या, चार परक्या माणसांदेखत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पोलादपूर येईपर्यंत रडल्या.