दसऱ्यानंतरचे पाच तडे

चैत्रालीच्या सहीचा पहिला रिपोर्ट दुपारी दोनपर्यंत जायचा होता. सिंगापुरातल्या तुआसच्या वर्कशॉपमध्ये फेरीबोटीच्या इंजिनाचा ब्लॉक दोन आठवडे पडून होता. त्याला बोटभर लांबीचा तडा गेला होता. तो एकटाच असेल तर धातूचे टाके घालून दुरुस्ती. आणखी सापडले तर ब्लॉकच नवा मागवायचा. निर्णय चैत्रालीच्या तपासणीवर होता, आणि नोकरीला लागून तिला जेमतेम चार महिने झाले होते.

तिने पुस्तकात सांगितलं होतं तेवढं, म्हणजे तड्याभोवतीचं वीतभर लोखंड घासूनपुसून लख्ख केलं. लाल रंग फवारला, पुसला, वर पांढरी पावडर मारली. तड्यात मुरलेला रंग पांढऱ्यावर लाल रेघ होऊन उमटला. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण उत्साहाच्या भरात तिने शेजारच्या तेलकट भागावरही, न घासताच, रंग आणि पावडर मारली.

तिथे पाच रेघा उमटल्या.

"मिस्टर तान! रिप्लेस!"

मॅनेजर तान धावत आले. "नवा ब्लॉक यायला तीन महिने. शुअर आह?"

"शंभर टक्के!" चैत्रालीने मोजायला व्हर्नियर लावला. "पाचही जवळजवळ समांतर. मधली सगळ्यात लांब, कडेची सगळ्यात छोटी. उष्णतेचा ताण मधे जास्त, कडेला कमी. काय सुंदर पॅटर्न आहे!"

तानना त्यात सौंदर्य दिसेना. त्यांनी बोटीच्या मालकाला फोन लावला. मालकाने ओरडून घेतलं आणि डिसेंबरच्या फेऱ्या रद्द करायला बसला. चैत्रालीने तोवर रिपोर्टला आलेखही जोडला.

इतक्यात फोरमन शिरीषकाका डबा खाऊन आले. ब्लॉककडे पाहून ते चपापले.

"चैत्राली, हे काय गं?"

"तडे, काका! पाच!"

काकांनी उजवा पंजा ब्लॉकवर ठेवला. पाच बोटं पाच रेघांवर बरोब्बर बसली.

"परवा दसरा नव्हता का?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "सगळ्या यंत्रांची पूजा केली. कुंकू तेलात कालवलं होतं, म्हणून जरा चिकटलं."

"काका!"

"आजारी आहे बिचारा, म्हणून याला जास्त लावलं."

चैत्रालीने अख्खा ब्लॉक धुतला, पुन्हा तपासला. तडा एकच होता. एक वाजून पंचावन्न मिनिटांनी तिने आलेख काढून टाकला, "दुरुस्ती" लिहिलं आणि सही केली. मालक तानवर पुन्हा ओरडला, पण या वेळी आनंदाने.

दहा दिवसांनी टाके घातलेलं इंजिन सुरू करायची वेळ आली. तान बटणावर हात ठेवून थांबले.

"रेड पावडर कुठाय? आधी लावा लाह!"

काकांनी हसत कुंकवाची डबी चैत्रालीपुढे धरली. तिने एकच टिकली लावली. मग व्हर्नियर काढला आणि वहीत लिहिलं: डावी बाजू, व्यास नऊ मिलीमीटर, तडा नाही. खाली तारीख घालून काकांची सही घेतली.

"हं," ती म्हणाली, "आता करा चालू."