बिनमुठीचं दार

ज्या दारावर ‘ढकला’ किंवा ‘ओढा’ अशी पाटी लावावी लागते, ते दार नापास!

डिझाइन कॉलेजातले सर दरवर्षी पहिल्याच तासाला हे वाक्य फळ्यावर लिहायचे आणि त्याखाली एवढ्या जोरात रेघ ओढायचे की खडूचे तुकडे व्हायचे. “माणूस अडखळला तर दोष माणसाचा नाही, वस्तू घडवणाऱ्याचा! घ्या लिहून!” मुलं मुकाट्यानं लिहून घ्यायची.

कॉलेजच्या नव्या सभागृहाचं आतलं काम सरांकडे आलं आणि त्यांचे हात शिवशिवायला लागले. स्वच्छतागृहाला त्यांनी जे दार केलं, त्याला ना मूठ, ना कडी, ना पाटी. भिंतीत मिसळून गेलेलं पांढरंशुभ्र दार! कोपऱ्यात बोटानं हलकेच दाबून सोडलं की ‘टिक्’ करून उघडायचं. आतूनही तसंच. मात्र जोर लावलात की अडून बसायचं, अगदी सरांच्या स्वभावासारखं. मुलांना हळूहळू सवय झाली. ज्यांना झाली नाही, त्यांना मित्र बाहेरून सोडवायचे. यालाच सर ‘सहकार्याची भावना वाढीस लागणे’ म्हणत.

तर या सभागृहासाठी सरांना चक्क पुरस्कार जाहीर झाला! समारंभ तिथंच, आणि भाषणाचा विषय ‘डिझायनरची समाजाप्रती जबाबदारी’.

सर्वात जास्त आनंद झाला तो अण्णांना, म्हणजे सरांच्या वडिलांना. अण्णा निवृत्त पोस्टमन. गावातली सगळी दारं त्यांनी ठोठावली होती, पण आपला मुलगा नक्की काय शिकवतो हे काही त्यांना उमगलं नव्हतं. कुणी विचारलं की “खुर्च्याबिर्च्यांचं काहीतरी” असं पुटपुटून ते हवापाण्यावर यायचे. आज मुलाचं भाषण पहिल्यांदाच ऐकायचं होतं. सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून ते दारात उभे!

गाडीत बसल्याबसल्या सरांनी सूचना सुरू केल्या. “अण्णा, फोन बंद ठेवा. मध्येच उठू नका. आणि कुणाला हाका मारू नका, मोठी माणसं येणारेत.”

“नाही रे बाबा. मी आपला गप्प बसेन.”

“अहो, लहान मूल आहेत का ते?” बायको म्हणाली. सर भाषणाचे कागद चाळू लागले.

सभागृहात पोचल्यावर, मध्ये उठायचं नाही म्हणून अण्णा शहाण्यासारखे आधीच जाऊन यायला निघाले. आणि सरांचं भाषण सुरू झालं तरी पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची रिकामीच!

सरांचा एक डोळा भाषणाच्या कागदावर, दुसरा खुर्चीवर. रागावले वाटतं! गाडीतल्या बोलण्याचा राग येऊन निघून गेले! तेवढ्यात सासऱ्यांना शोधून दमलेली बायको सभागृहाच्या मागच्या दारात येऊन हातवारे करू लागली. दोन्ही तळवे वर, मग बाहेर बोट, मग पुन्हा तळवे वर. सरांनी अर्थ लावला, मागे आवाज पोचत नाहीये! ते कडाडले, “वापरणाऱ्याला विचारा! जो सर्वात दुबळा, त्याचा हात आधी डोळ्यांसमोर आणा!” बायकोनं कपाळावर हात मारला. सरांना वाटलं, गहिवरली. त्यांनी आवाज आणखी चढवला. टाळ्यांचा कडकडाट झाला!

समारंभ संपला. बायको धावत आली. “अण्णा कुठंच नाहीत! फोनही बंद!”

“फोन मीच बंद करायला लावला,” सर म्हणाले आणि दाराकडे धावले.

वॉचमननं शपथेवर सांगितलं की एक आजोबा मघाशी तावातावानं बाहेर गेले. सर हातात सन्मानचिन्ह घेऊन रस्त्यावर धावले आणि कोपऱ्यावर एका भलत्याच आजोबांचा खांदा धरून म्हणाले, “चुकलो मी, घरी चला!” आजोबा घाबरून, सरांच्या हातातल्या जड वस्तूकडे बघत, दोन पावलं मागे सरले.

इकडे प्राचार्यांना घाई झाली होती. त्यांनी ते पांढरं दार ठोठावलं. आतून अगदी हळू, अदबशीर आवाज आला.

“भाषण संपलं का हो? मग जरा दार उघडता?”

परतलेल्या सरांनी बोटानं दार दाबलं. टिक्! आत अण्णा घामाघूम उभे. इस्त्रीचा सदरा पार चुरगळलेला.

“अहो, हाक तरी मारायची!” बायको म्हणाली.

“भाषण चालू होतं ना गं. हाका मारू नका म्हणाला होता.”

“काका, ढकलायचं नसतं, बोट टेकवायचं असतं!” प्राचार्य हसले. भोवतालची मोठी माणसंही हसली. सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. ‘दोष वस्तू घडवणाऱ्याचा’ हे वाक्य अजून सरांच्या जिभेवर गरम होतं. ते तेवढं म्हणायचं होतं, बस्स! पण हातात सन्मानचिन्ह होतं, समोर पाहुणे होते. सरही हसले.

“अण्णांना नवीन गोष्टी जमत नाहीत.”

अण्णांनी सगळ्यांना हात जोडले. “माफ करा हं. माझ्यामुळे खोळंबा झाला.”

परतताना गाडीत अण्णाच म्हणाले, “टाळ्या मात्र ऐकू आल्या हो! छान वाजल्या. कशावर बोललास रे?”

आयुष्यात पहिल्यांदाच सरांना स्वतःच्या विषयाचं नाव घ्यायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सरांनी बाजारातून एक साधी पितळी मूठ आणली आणि स्वतः स्क्रू पिळून त्या दाराला आतल्या बाजूनं बसवली. वाकडीच बसली. खाली कागद चिकटवला, ‘ओढा’. मुलं जमली. एकीनं विचारलं, “सर, हे दार नापास ना?”

“दार पास झालं,” सर म्हणाले. “नापास कोण, ते लिहून घ्या.”

मुलांनी लिहून घेतलं. अण्णांनी मात्र घेतलं नाही; त्यांच्या लेखी नापास तेच. घरच्या न्हाणीघराला जुनी, दणकट कडी आहे, तरी हल्ली ते दार नुसतं लोटून घेतात आणि आतून खाकरत राहतात.

“अण्णा, लावा हो कडी! ही जुनीच आहे, तुम्हाला येते!” सर बाहेरून विनवतात.

“असू दे रे,” आतून उत्तर येतं. “तुला पुन्हा माणसांसमोर खाली बघायला नको.”