गणपतरावांची दाबलेली जांभई

भूमिकाला पाहायला आलेले पाहुणे आमरस चापून कूलरसमोर बसले आणि तिच्या वडिलांना, रुपरावांना, जांभई आली. चांगली आवाजासकट. ती पाहून मुलाचे वडील महादेवराव यांना आली, मग मुलाच्या आईला.

भूमिका सुपारीचं तबक ठेवता ठेवता हसली. "जांभई अशीच पसरते म्हणे. आपल्या माणसाची तर लवकरच लागते."

"हे बरं सांगितलं जी पोरीनं!" महादेवराव खूश झाले. "म्हणजे सोयरिक जमलीच समजा!"

कोपऱ्यातल्या गणपतरावांनी मात्र ओठ घट्ट मिटले. ते रुपरावांचे थोरले भाऊ. कळमेश्वरच्या शेतात बोअर कोणाच्या बाजूला खोदायची, यावरून दोन उन्हाळे धाकट्याशी बोलत नव्हते. आज आले ते रीतीपुरते. त्या घरात लेकीच्या सोयरिकीला होकार थोरल्यानंच द्यायचा असतो. आता रुपरावाची जांभई आपल्याला लागली, तर चार लोकांत तो आपला माणूस ठरणार! गणपतराव हे होऊ देणार नव्हते.

तेवढ्यात रुपरावांना दुसरी आली. गणपतरावांनी दात आवळले. नाकपुड्या फुगल्या, कान लाल झाले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दाबलेली जांभई कुठून ना कुठून निघतेच.

मुलाची आई नवऱ्याच्या कानाशी लागली. "अवो, पोरीचे मोठेबाबा रडून राहिले!"

महादेवराव सावरून बसले. "काहून जी गणपतराव, डोळ्याले पाणी? काही लपवून राहिले का आमच्यापासून?"

गणपतरावांनी नुसती मान हलवली. तोंड उघडायची सोय नव्हती.

"का पोरगीच राजी नाही?"

पुन्हा मान हलली. कशी हलली, ते कोणालाच कळलं नाही. महादेवराव उठून चपला शोधू लागले.

"भाऊजी, बोला ना जी!" रुपरावांची बायको सुभद्रा दारातून म्हणाली. "सोयरिक मोडून राहिली!"

भूमिकाला मिहानमधल्या कंपनीत नोकरीला असलेला नवरामुलगा स्वानंद मनातून आवडला होता. तिचा चेहरा पार उतरला. तो पाहून गणपतरावांनी होकार द्यायला तोंड उघडलं. "हो" एवढंच निघालं आणि मागोमाग ती जांभई आली. जबडा कट्ट वाजला, हात वर गेले, टोपी मागे पडली. सगळी बैठक हसत सुटली.

"पोचला जी होकार!" म्हणत महादेवराव परत बसले.

रुपराव हळूच म्हणाले, "माही लागली ना, दादा?"

"तुही कायची लागते?" गणपतराव खेकसले. "माही झोपच झाली नाही!"

"काहून?"

"काहून म्हणजे? घरची पोरगी पाहाले लोक येऊन राहिले, अन् झोप येते का गा कोणाले?"