हौसरावांनी लावलेलं कुलूप

हौसरावांना जगात दोनच गोष्टी कळत नव्हत्या: आपल्याला काय कळत नाही, आणि ते विचारायचं कुणाला. बाकी सगळं त्यांना कळत होतं.

राहू गावात त्यांचं गुऱ्हाळ होतं आणि गुऱ्हाळाची वेबसाइट होती. साइटवर मोठा फोटो हौसरावांचाच, फेटा बांधलेला, कमरेवर हात. बुटामागे नीट पाहिलं तर गुळाची अर्धी ढेप दिसायची. पुण्याच्या सुलक्षणा मॅडम वर्षभराच्या गुळाची ऑर्डर द्यायला तयार होत्या, पण त्यांनी एक अट घातली होती.

"तुमची साइट उघडली की 'सुरक्षित नाही' असं येतं. सोमवारी मी पुन्हा बघणार. कुलपाचं चिन्ह दिसलं तर ऑर्डर, नाहीतर मी दुसरं गुऱ्हाळ शोधते."

ही ऑर्डर गेली तर यंदा गुऱ्हाळाचं चुलवण पेटणार नाही, हे हौसरावांना पक्कं ठाऊक होतं. चारचौघांत मात्र ते म्हणाले, "कुलूपच लावायचं ना? त्यात काय मोठंसं हाय?"

दौंडला रश्मीचं दुकान होतं. अर्ध्या तालुक्याच्या साइट तिनं एकाच सर्व्हरवर, चाळीत भाडेकरू ठेवावेत तशा ठेवल्या होत्या. सोमवारी सकाळी ती म्हणाली, "आबा, कुलपाचं सर्टिफिकेट आलंय. सगळ्या साइटचं मिळून एकच काढलंय. तुमच्या साइटला जायचा सुरक्षित रस्ता तेवढा दुपारपर्यंत जोडते. तोवर 'सगळ्यांना कुलपातूनच पाठवा' हे बटण दाबू नका."

"का गं?"

"रस्ता नसला की येणारा माणूस सर्व्हरवरच्या पहिल्या साइटवर जाऊन पडतो."

कालची पोर आपल्याला अक्कल शिकवते, याचं हौसरावांना हसू आलं. घरी येऊन त्यांनी चपला काढायच्या आधी फोनवर ते बटण दाबलं आणि साइट उघडली.

कुलूप दिसलं. हौसरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग नजर खाली गेली. तिथं ना फेटा, ना बूट. तिथं होती रश्मीच्या सर्व्हरवरची पहिली साइट, चुलतभाऊ पृथ्वीराजच्या गुऱ्हाळाची: धुतलेली फरशी, टोप्या घातलेले कामगार, ओळीनं मांडलेल्या ढेपा आणि पृथ्वीराजचा फोन नंबर. गुऱ्हाळाचं नाव तेवढं तेच होतं, कारण जमिनीची वाटणी झाली तरी आजोबांच्या नावाची करता येईना, म्हणून दोघांनीही तेच लावलं होतं.

या पृथ्वीराजशी त्यांची बारा वर्षं बांधाची केस चालू होती. "बांध कोरून भागलं न्हाई, आता साइटीत घुसला," असं म्हणत हौसराव गटाचा नकाशा काखेत मारून निघाले. वेबसाइटच्या भांडणात जमिनीचा नकाशा नेणारा दुसरा माणूस शिरूर-दौंडात शोधून सापडणार नाही.

पृथ्वीराजकडे काहिलीत रस उकळत होता. हौसरावांनी सगळ्यांसमोर नकाशा पसरला.

"ही माझी हद्द. माझ्या हद्दीत तुझ्या ढेपा आल्याच कशा?"

"दादा, मी सकाळपास्नं चुलवणापासून हललो न्हाई."

तेवढ्यात पृथ्वीराजचा फोन वाजला. हात गुळानं माखलेले, म्हणून त्यानं कोपरानं स्पीकर लावला.

"हौसराव, सुलक्षणा बोलतेय. साइटवरच्या नंबरवरच लावलाय. कुलूप दिसलं. आणि फोटो बदललेत ते फार बरं केलंत, आधीच्या फोटोत मला गूळच सापडत नव्हता. एवढी स्वच्छता बघून मी ऑर्डर दुप्पट करतेय. गुरुवारी गुऱ्हाळ बघायला येते. हेच ना तुमचं?"

पृथ्वीराजनं कोपरानंच फोन हौसरावांपुढे सरकवला. काहिलीभोवतीची माणसं काम सोडून बघत होती. हौसरावांनी नकाशाची घडी घातली.

"व्हय मॅडम, आमचंच की. भावकी काय येगळी असती व्हय?"

फोन बंद झाल्यावर पृथ्वीराजनं शांतपणे विचारलं, "आन् बांधाची केस, दादा?"

हौसराव नकाशा काखेत मारतात तोच त्यांचाच फोन वाजला. रश्मी होती.

"आबा, दाबलंत ना बटण? असू द्या, दोन मिनिटांत रस्ता जोडते. मग लोक थेट तुमच्या फोटोवर येतील."

"नगं पोरी," हौसराव पाठ फिरवून हळूच म्हणाले. "गुरुवारपत्तोर कशाला हात लावू नगंस. आन् माझा त्यो फोटो त्या बाईला दिसू देऊ नगंस."